मुलीविषयी दोन ओळी

लेखनिकबाईने मायना लिहिला, खाली दोन बोटं जागा सोडली आणि पेन कागदाला टेकवून पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबली. थोरल्या बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हातांना कंप. गेली नऊ वर्षं त्यांची सगळी पत्रं लेखनिकबाईच लिहीत होती. सही तेवढी बाई करत.

"लिही," त्या म्हणाल्या. "'आपण विचारलंत म्हणून कळवते. ही मुलगी आपल्या घराला शोभेल, असं मला म्हणता येत नाही.' बस, एवढंच."

पेन हललं नाही.

"डॉक्टरांच्या धाकटीबद्दल लिहायचं हे?"

"पत्र कोणाबद्दल आलंय ते तूच मला वाचून दाखवलंस."

पत्र जहाजवाल्यांच्या घरून आलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी विधुर झाला होता आणि आता डॉक्टरांच्या धाकट्या मुलीशी त्याचं जुळत होतं. मोठ्या घरांतली सोयरीक थोरल्या बाईंना विचारल्याशिवाय पक्की होत नसे. त्यांचे यजमान मुख्य न्यायाधीश होते. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांचा दरारा बाईंच्या खुर्चीत तसाच बसून होता. बाईंनी नापसंतीची एक ओळ लिहिली की त्या मुलीला एकामागून एक नकार यायचे, आणि का ते कोणी सांगायचं नाही.

धाकटी दर बुधवारी वडिलांनी दिलेलं औषध घेऊन यायची. बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, चुकली की स्वतःच खुदकन हसायची. आणि बसण्याआधी लेखनिकबाईला विचारायची, कशा आहात. त्या घरात तिला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

बाईंचा राग कशावर आहे, हे आपल्याला माहीत आहे असं लेखनिकबाईला वाटलं. डॉक्टरांच्या थोरलीच्या लग्नात बाईंची खुर्ची दुसऱ्या रांगेत मांडली गेली होती. तेव्हापासून बाईंनी त्या घराची पायरी चढलेली नव्हती.

तेविसाव्या वर्षी लेखनिकबाईचंही लग्न ठरलं होतं. कोणाचं तरी पत्र गेलं आणि ते मोडलं. पत्रात काय होतं ते तिला कधीच कळलं नाही. वडील वर्षभर एकच विचारत राहिले, तू केलंस तरी काय. पुन्हा कोणी बघायला आलं नाही.

तिने लिहिलं, 'ही मुलगी आपल्या घराला शोभेल, याची मी खात्री देते.' वाचून मात्र बाईंनी सांगितलं तेच दाखवलं. बाईंनी चाचपडत सही केली. पत्र तिने स्वतः नेऊन पेटीत टाकलं.

दोन महिन्यांनी लग्नाचं निमंत्रण आलं. बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं.

"आपलं पत्र पोचलं होतं ना?"

"पोचलं होतं."

बाई एवढंच म्हणाल्या, की आता आपल्या शब्दाला कोणी विचारत नाही तर. त्या लग्नाला गेल्या नाहीत. आठवडाभर भेटायला आलेल्यांना तब्येतीचं कारण सांगून दारातूनच परत पाठवलं. लेखनिकबाई मात्र त्या आठवड्यात मनातल्या मनात खूश होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी धाकटी भेटायला आली. सोबत सासरची एक पोक्त मोलकरीण होती. बाहेर बस म्हटलं तरी ती हलली नाही. अंगाची लाही होत असताना धाकटीने मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातला होता. बाईंनी वर्तमानपत्र वाचायला सांगितलं. तिने अख्खी दोन पानं एकदाही न अडखळता वाचली. पेपर डाव्या हातात धरलेला. उजवा हात मांडीवर होता आणि त्याची करंगळी वाकडी जुळलेली होती. निघताना ती लेखनिकबाईला "येते" म्हणाली. बाकी काही विचारलं नाही.

मोटारीचा आवाज विरल्यावर बाई म्हणाल्या, "उजव्या हाताला काय झालंय तिच्या?"

"तुम्हाला दिसलं?"

"पान उलटायला तिला फार वेळ लागत होता."

लेखनिकबाईने करंगळीचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"त्यांची पहिली सून गच्चीवरून पडली, तेव्हा चौकशी झाली होती. चक्कर येऊन पडली, असं ठरलं. ठरवणारे आमचे हे होते." त्या थांबल्या. "खरं काय ते घरी येऊन मला सांगितलं. आणि म्हणाले, हा विषय पुन्हा काढायचा नाही."

लेखनिकबाईने घडी घालायला घेतलेला पेपर टेबलावर ठेवला.

"त्या घरात मुलगी देऊ नका, असं मी म्हटलं असतं तर ह्यांचं नाव मातीत गेलं असतं. मुलगी घेऊ नका, एवढंच मला म्हणता येत होतं. लोक तिला नावं ठेवत राहिले असते. पण हाडं तरी धड राहिली असती. नेमकं तेच पत्र त्यांनी मानलं नाही."

तेव्हा लेखनिकबाईने सांगितलं. एका दमात, टेबलाची कड धरून, आपण काय लिहिलं आणि काय वाचून दाखवलं ते.

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, की तुला काढूनही टाकता येत नाही, काढलं तर लोक कारण विचारतील. आणि लेखनिकबाई म्हणाली की मी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगते, तेव्हा म्हणाल्या, "जा. पण त्यांच्यासाठी त्यात नवीन काही नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. रुग्ण संपेपर्यंत बाकावर बसून राहिली. डॉक्टरांनी हात धुतले आणि टॉवेलने एकेक बोट पुसत तिचं सगळं ऐकून घेतलं.

"पहिल्या सूनबाईंच्या मृत्यूचा दाखला मीच दिला होता," ते म्हणाले. "चक्कर येऊ शकते माणसाला."

"तुमची मुलगी आहे ती, डॉक्टर."

डॉक्टरांनी टॉवेल खुंटीला लावला. तो सरळ केला, मग पुन्हा सरळ केला.

"धाकटीही नाजूकच आहे तशी. लहानपणापासून तिलाही चक्कर येते."

इतक्या वर्षांत लेखनिकबाईने हे कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर तिच्याकडे पाहतही नव्हते. वाक्य तोंडात नीट बसतंय का ते बघावं, तसे हळूहळू बोलत होते. तिने पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली.

घरी न जाता तिने टॅक्सी केली आणि जहाजवाल्यांच्या फाटकाशी थांबवून ठेवली. पहारेकऱ्याने तिच्या साडीकडे पाहून बाजूचं दार दाखवलं. थोरल्या बाईंचं नाव घेतल्यावर त्याने मोठं दार उघडलं.

दिवाणखान्यात धाकटीच्या सासूबाई आल्या. लेखनिकबाईने सांगितलं, की बाईंची तब्येत बरी नाही, सोबतीला सूनबाई हव्यात, आत्ताच घेऊन यायला सांगितलंय.

"चिठ्ठी?" सासूबाईंनी हात पुढे केला.

"आज सही करण्याइतका हात स्थिर नाही. म्हणून मला पाठवलं."

सासूबाई म्हणाल्या, की मुलगा कामावर गेलाय, संध्याकाळी त्याला विचारून कळवते.

"मग तुम्ही नाही म्हणालात, असं बाईंना सांगू?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ ताठ झाली. थोरल्या बाईंना त्या घरातून आजवर कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी जिन्याकडे पाहून हाक मारली. किती दिवसांसाठी, असंही विचारलं. ते बाई कळवतील, असं लेखनिकबाई म्हणाली, आणि आपले हात पदराखाली घेतले.

धाकटी लगेच खाली आली. नुसती आली नाही, बॅग घेऊन आली. बॅग गच्च भरलेली होती आणि तिचे पट्टे आवळलेले होते. तेवढ्या वेळात ती भरून होण्यासारखी नव्हती. सासूबाईंनीही ते पाहिलं. दोघी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मागून कोणी काही बोललं नाही.

टॅक्सी वळणावर आल्यावर धाकटीने विचारलं, "बाईंनी खरंच बोलावलंय?"

"नाही," लेखनिकबाई म्हणाली. "त्यांना माहीतसुद्धा नाही."

धाकटीने बॅग जवळ ओढून घेतली, पुढे वाकली आणि टॅक्सीवाल्याला म्हणाली, जरा लवकर घ्या.