काटा ऐंशीवर

फर्निचरवाल्याचा जुना पिकअप चढाला धापा टाकायचा, म्हणून मिस्त्रीनं मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर काढून जास्त ओढ देणारे बसवले. चढ आता हातचा मळ झाला. नवल म्हणजे, जन्मात साठावर न गेलेला काटा सपाट रस्त्यावर थेट ऐंशीला टेकला! नवऱ्याला उठताबसता 'बैलगाडी' म्हणणाऱ्या बायकोनं शेजारून त्याचा दंड घट्ट धरला. तेवढ्यात शाळेची बस त्यांना मागे टाकून गेली, तशी ती ओरडली, "मेला शंभरनं चाललाय, आत पोरं आहेत!"

संध्याकाळी मिस्त्री म्हणाला, "गिअर बदलले ना, काटा आता खोटं बोलतोय. खरा वेग साठच. नीट करून देतो."

"काट्याला हात लावशील तर याद राख," फर्निचरवाला दंड चोळत म्हणाला. "लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोनं धरलाय."