११५२ वरचं घरचं केंद्र

चेअरमनसाहेब, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, घाईत नाही. गेटसमोर उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलंत, मग लिफ्टने वर आलात आणि माझ्या घरात बसून खोटं बोललात. तेही मराठीत. म्हणून मीही मराठीतच लिहितेय. कमिटीतल्या बाकीच्यांना तुम्हीच भाषांतर करून सांगा.

कॉन्डोतल्या झाडून सगळ्यांना पाठवलेल्या मेलमध्ये तुम्ही माझ्या डब्याला 'संशयास्पद उपकरण' म्हटलंय. संशय कधीपासून यायला लागला? दिवाळीत तुम्ही आमच्याकडे चिवडा खात होतात, तेव्हा तो डबा तुमच्या कोपराशी होता. "वहिनी, नवीन मोडेम का?" असं विचारलंत. मी म्हटलं, "नाही, घरचं रेडिओ केंद्र." तुम्ही हसलात आणि आणखी चिवडा घेतलात.

ते केंद्र माझ्या सासऱ्यांसाठी आहे. काचबिंदूने बाबांची नजर गेली, सासूबाई त्याआधीच गेल्या, तेव्हा माझा नवरा यशोधन त्यांना चिपळूणहून इथे परदेशात, बुओना व्हिस्टाला घेऊन आला. त्यांनी हट्टाने एकच वस्तू बरोबर आणली, गोल बटण फिरवून लावायचा जुना मीडियम वेव्ह रेडिओ. काटा दिसत नाही, पण रत्नागिरी केंद्राची जागा बोटांना पाठ. रोज सकाळी बटण तिथे न्यायचं आणि खरखर ऐकत बसायचं. मला बघवेना. मी समोर बसून पेपर वाचून दाखवायला लागले. थोडे दिवस ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "सूनबाई, रागावू नकोस. रेडिओचा कंटाळा आला तर बंद करता येतो. तुला कसं बंद करू?"

मी हसले खरी, पण ते टोचलं. ताटात काय वाढायचं ते आम्ही ठरवतो, फिरायला कधी न्यायचं ते आम्ही ठरवतो. बंद करायचं की चालू ठेवायचं, एवढं ठरवण्यासारखी त्यांच्या हातात एकच वस्तू उरली होती, आणि तिच्यात खरखर.

मी बीकॉम आहे. इलेक्ट्रॉनिक्स मला कुणी शिकवलं नाही. इंटरनेटवर वाचलं, बोटं भाजली, दोन सर्किटं जाळली आणि शिकले. माझा आवाज त्यांच्या रेडिओत पोचवणाऱ्या छोट्या ट्रान्समीटरचा जीव क्रिस्टलमध्ये असतो. नखाएवढी धातूची डबी, तिच्यावर छापलेला फ्रीक्वेन्सीचा आकडा ती सोडत नाही. सिम लिम टॉवरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक मेगाहर्ट्झचा तयार मिळतो, तोच आधी घातला. दिवसभर छान चाललं. संध्याकाळ झाली आणि शिट्टी सुरू झाली. आपल्या भागात मीडियम वेव्हची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसतात, त्यात ९९९ येतं, माझं १००० येत नाही. समुद्रापलीकडचं कुठलंसं स्टेशन अंधार पडला की ९९९ वर लागायचं आणि माझं त्याच्याशी भांडण व्हायचं. बाबा म्हणाले, "तुमच्या केंद्रात प्रेशर कुकर ठेवलाय का?"

शिवाय ती त्यांची जागाच नव्हती. रत्नागिरी ११४३ वर. त्या आकड्याचा क्रिस्टल तयार मिळत नाही, बनवून घ्यायचा तर गठ्ठ्याने घ्या म्हणतात. मी बाजारातल्या क्रिस्टलांचे आकडे घेऊन भागाकार करत बसले. कशाला दोनने भागायचं, कशाला आठने, उत्तर नऊच्या पटीत बसतं का बघायचं. बहुतेक सगळे कुठेतरी अधेमधे लटकत होते. शेवटी १८.४३२ सापडला. सोळाने भागलं की ११५२. नऊच्या पटीत बरोबर, आणि बाबांच्या जागेच्या अगदी शेजारी. घेण्याआधी त्या जागी सकाळ-संध्याकाळ कान लावून बसले, तिथे कुणी बोलत नाही ना याची खात्री केली. कुणाला त्रास नको म्हणून हे केलं, चेअरमनसाहेब. तुमच्या मेलमध्ये माझ्यासाठी 'बेजबाबदार' असा शब्द आहे.

पहिल्या सकाळी मी आतल्या खोलीतून माईकवर पेपर वाचला. बाबांनी बटण फिरवलं, सवयीच्या जागी नेलं, केसभर पुढे सरकवलं आणि थांबले. अग्रलेख अर्धा झाला तशी त्यांनी मला खटकन बंद केलं. इतका आनंद मला आयुष्यात कमी वेळा झालाय.

आवाज आमच्या लिफ्टपर्यंत जाऊन संपतो. मी स्वतः हातात रेडिओ धरून फिरलेय. लायसन्सचं ज्यांनी विचारायचं त्या खात्याला मी स्वतःहून लिहिलंय, ते बंद कर म्हणाले तर त्याच मिनिटाला करीन. तुम्ही ते खातं नाही. तुम्ही गेटवाले.

आणि गेटचं काय झालं? कार पार्कचं गेट रिमोटला दाद देईना. गाड्या अडकल्या, लोक भडकले, नवीन गेटवर कमिटीने केलेल्या खर्चाचा हिशोब कुणीतरी मागितला. लगेच तुम्हाला माझा डबा आठवला. आधी मेल गेला, आमच्या फ्लॅटच्या नंबरासकट. मग तुमचा फोन आला.

मी म्हटलं, तपासून बघा. तुम्ही खाली गेटपाशी रिमोट घेऊन उभे राहिलात, मी वर खिडकीत, फोन चालू. बाबा रेडिओ मांडीवर घेऊन बसलेले.

"वहिनी, चालू आहे ना?"

"चालू आहे. दाबा."

गेटचा दांडा वर गेला. पुन्हा दाबलंत, पुन्हा गेला. मग मी प्लग उपटला. तुम्ही दाबलंत. दांडा हलला नाही. दाबत राहिलात. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. खिडकीतून मला तुमचा हात दिसत होता, रिमोट कधी डोक्यावर धरत होतात, कधी गेटला टेकवत होतात. आणि मग फोनवर तुमचा बारीक आवाज आला, "वहिनी, तो प्लग जरा परत लावता का?"

बाबा खो खो हसले. मी नाही हसले. मला वाटलं, चला, संपलं.

तुम्ही वर आलात तेव्हा बरोबर सिक्युरिटी गार्ड होता. पाणी प्यायलात. म्हणालात, "वहिनी, गेट तुमच्या डब्यामुळेच अडतंय. मेल गेलाय आता. कमिटीचं नाव जातं. डबा राहू दे आमच्याकडे, आणि एवढ्या कागदावर सही करा की गेटला तुमच्यामुळे त्रास झाला."

"पण आत्ता बघितलंत ना तुम्ही?"

"बघण्याचा प्रश्न नाही हो. यशोधनच्या नोकरीच्या पासचं रिन्यूअल आलंय ना? त्याच्या ऑफिसला असलं काही कळलं तर बरं दिसेल का? आपलेच म्हणून सांगतोय."

आपलेच! परक्याने निदान इंग्रजीत धमकी दिली असती.

यशोधनने पेन माझ्या हातात दिलं. "सही कर, सुलेखा. डबा काय, दुसरा बनवशील." मी त्याला दोष देत नाही. पास गेला तर बाबांसकट आम्ही सगळे इथून गेलो, हे मलाही कळतं. पण दुसरा बनवला तर दुसऱ्यांदा तुमचं गेट अडेल आणि दुसऱ्यांदा माझं नाव येईल. तेव्हा मी सहीही केलेली असेल. मी पेन खाली ठेवलं. गार्डने मान खाली घालून डबा उचलला. तुम्ही म्हणालात, "विचार करा," आणि गेलात.

आज सकाळी बाबांनी बटण जागेवर नेलं. खरखर. माझी मुलगी अदिती शाळेला निघताना म्हणाली, "आजोबा, स्टेशन स्पॉइल्ट अह?" बिघडलं का, हे इथली मुलं असंच विचारतात.

"स्टेशन नाही गं," बाबा म्हणाले. "चेअरमन."

पण त्यांनी रेडिओ बंद केला नाही. मी "बंद करू का?" विचारलं, तर हात बटणावरून काढेनात. "तो येऊ दे," म्हणाले. "मला दिसत नाही, त्यामुळे मी काही पाहिलं नाही. ज्याने पाहिलंय, त्याला विचारतो."

तर या. सही मी करणार नाही. यशोधनच्या ऑफिसला कळवायचं असेल तर कळवा, पण त्या चाचणीचं काय झालं तेही त्याच पत्रात लिहा. त्याआधी बाबांच्या समोर बसा आणि सांगा, डबा चालू असताना गेट उघडलं, बंद असताना अडलं, हे तुम्ही पाहिलंत. हो की नाही?