एवढेसे अंतर

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, डेटाबेसच्या प्रोग्राममधली. यंत्राला दशांश नेमके धरता येत नाहीत, शेवटी कणभर चूक उरतेच. म्हणून कोणा प्रोग्रामरने मला लिहिले: दोन बिंदूंत दशलक्षांशाहून कमी अंतर असेल, तर ते एकच मान. नकाशे, रस्ते, विहिरी यांच्या हिशेबात मी वर्षानुवर्षे निमूट राबले. कौतुक झाले नाही. मी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

पुढे एका प्रयोगशाळेने सूक्ष्मदर्शकाखालच्या जंतूंच्या जागा मीटरमध्ये नोंदवल्या. चिकटून बसलेल्या दोन जंतूंतले अंतर मीटरच्या दशलक्षांशाहूनही कमी, म्हणून ते मी एकच मानले. तिथे मोजणी करणाऱ्या बाईंचा आकडा कमी भरू लागला. साहेबांनी त्यांनाच निष्काळजी ठरवले. नोकरी जाण्याची वेळ आली. बाईंचे यजमान प्रोग्रामर. त्यांनी मूळ शोधले आणि मला सगळीकडून खोडणारी दुरुस्ती पाठवली. ती तपासायला आली हा प्रोग्राम सांभाळणाऱ्या एका ताईंकडे. त्यांना कार्यालयात सगळे ‘चाळणी’ म्हणत. ताईंनी यजमानांना व्हिडिओ कॉल लावला.

“अहो, या ओळीने तुमचं काय घोडं मारलंय?”

“माझ्या बायकोची नोकरी खायला निघालीय ती! उडवा एकदाची.”

“उडवते. पण आधी हे बघा.”

ताईंनी पडद्यावर एक तिरकी रेषा आखली, तिच्यावरच एक बिंदू ठेवला आणि मला बंद करून विचारले, बिंदू रेषेवर आहे का? यंत्राने उत्तर दिले: नाही.

“अरेच्चा! असं कसं?”

“दशांशाची कणभर चूक. हिच्यावाचून रस्त्यावरचं घर रस्त्यावर दिसायचं नाही. मग लोक माझ्या नावाने खडे फोडणार.”

“म्हणजे दुरुस्ती परत पाठवताय? ताई, बायकोला सोमवारी साहेबांसमोर उभं राहायचंय.”

“पूर्ण ऐका तरी! दोन बिंदू एकच आहेत का, एवढं बघताना हिला काढा. रेषेवरचा बिंदू तपासताना राहू द्या. आणि ही कशासाठी आहे, ते वर लिहून टाका. आधीच कोणी लिहिलं असतं, तर तुमच्या घरची झोप उडाली नसती.”

यजमानांनी तसेच केले.

मित्रांनो, जुने काही खोडायला निघालात, तर ते कोणाच्या उपयोगी पडते हे आधी पाहा. आणि स्वतः काही मांडलेत, तर त्यामागचे कारणही शेजारी लिहून ठेवा. मागून येणाऱ्यांना तेवढाच आधार असतो.

सोमवारी साहेबांनी बाईंना समोर बसवून पुन्हा मोजायला लावले. चिकटून बसलेले दोन जंतू दोन म्हणून मोजले गेले. त्या कामासाठी मला कोणी हाक मारली नाही, आणि ते योग्यच होते.