आंबेखोल – उपस्थित

मित्रांनो, मी एक जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची वही आहे. माझ्या पाठीला लाल कापड आहे आणि कपाळावर चिकटवलेल्या कागदावर ‘ग्रंथपाल संघ – सभांचे इतिवृत्त’ असे लिहिलेले आहे. इतिवृत्त म्हणजे सभेला कोण आले, काय बोलणे झाले आणि काय ठरले याची नोंद. हे काम मी वीस वर्षे केले. ते नीट झाले नाही. का झाले नाही, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मालवणच्या बाजारात १९९३ साली मला केळुसकरांनी विकत घेतले. गावोगावच्या वाचनालयांतील ग्रंथपालांनी नुकताच आपला संघ स्थापन केला होता आणि केळुसकर त्याचे पहिले कार्यवाह होते. त्यांचे अक्षर सुरेख होते. पहिल्या सभेत त्यांनी सर्वांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या सभेला माणसे तासभर उशिरा, एसटी मिळेल तशी येत राहिली. तेव्हा ते म्हणाले, “सह्या घेत बसलंय तर चाय निवतली. मीच लिवतंय कोण इले ते.”

आणि त्यांनी लिहिले, ‘उपस्थित: तारकर्ली, रेडी, दोडामार्ग...’

याचे कारण सोपे होते. ही मंडळी एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारत. “ए तारकर्ली, मोठ्यान बोल, समुद्राचो आवाज नाय हंय!” “रेडी, तू गेल्या वेळचो लाडू देना लागतंस मरे!” त्यात माया होती. प्रत्येकजण आपल्या वाचनालयाचा एकटाच कारभारी होता. गाव म्हटले की माणूस आला, असे सगळे धरून चालले. मीही धरून चालले.

१९९७ साली आंबेखोल गावाची कार्मीन पहिल्यांदा सभेला आली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. वाचनालयाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी तिला किल्ली दिली होती आणि उद्यापासून ये असे सांगितले होते. तीच तिची नेमणूक. सभेत ती शेवटच्या बाकावर बसली. केळुसकरांनी विचारले, “तू खंयची गो?”

“आंबेखोल,” ती म्हणाली.

त्यांनी ‘आंबेखोल’ लिहिले. पुढे चहा देतानाही सगळे तिला “घे गो आंबेखोल” असेच म्हणू लागले.

माझी कामाची वर्षे ती हीच. माझ्यावर जांभळ्या शाईचे शिक्के पडले. बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने मला हातात घेऊन “असे इतिवृत्त फार थोड्या संस्था ठेवतात” असे म्हटले, तेव्हा केळुसकर दिवसभर खूश होते. मीही होते. आता ते आठवले की माझा मलाच राग येतो. कौतुक झाले ते अक्षराचे. आत काय लिहिले आहे ते कोणी वाचलेच नाही.

संघाला स्वतःची जागा कधीच नव्हती. दर पाच वर्षांनी कार्यवाह बदलत आणि मी एका पत्र्याच्या ट्रंकेतून नव्या कार्यवाहाच्या वाचनालयात जाई. उपस्थिती मात्र प्रत्येकजण केळुसकरांसारखीच, गावांच्या नावांनी लिही. मालवण, कुडाळ, पुन्हा मालवण, शेवटी दोडामार्गजवळच्या एका गावात. मित्रांनो, वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. दोन रुपयांच्या पाककृतीच्या पुस्तिकेलाही मिळतो. तो क्रमांक असला की दरवर्षीच्या पडताळणीत पुस्तक शोधले जाते आणि समितीच्या ठरावाशिवाय ते फेकता येत नाही. हे नियम ज्यांना झोपेतही पाठ होते, त्यांनी मला मात्र क्रमांक दिला नाही. मी कुठल्याच वाचनालयाची नव्हते, म्हणून मला कुणी शोधलेही नाही. २०१३ नंतर संघाचे बोलणे मोबाईलवरच्या गटात सुरू झाले आणि माझी उरलेली साठ पाने कोरीच राहिली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आंबेखोलच्या वाचनालयाला सरकारकडून वरचा वर्ग, म्हणजे वाढीव अनुदानाचा दर्जा, मिळणार होता. त्यासाठी नव्या समितीने कागदपत्रे तपासली, तर जुने काहीच सापडेना. २०११ साली छपराच्या दुरुस्तीत सामान हलवताना हजेरीपट आणि अहवाल भिजले होते आणि कुणीतरी ते जाळून टाकले होते. कार्मीनकडे नेमणुकीचे पत्र नव्हतेच. जुने अध्यक्ष वारले होते. समितीने तिला सांगितले, वरच्या वर्गासाठी ग्रंथपालाची जुनी सेवा कागदावर दाखवावी लागते, तेव्हा २०११ पूर्वीपासून तुम्ही ग्रंथपाल आहात असे त्या काळचे लिखाण आणा. आणले तर पद तुमचे. नाही तर नवीन ग्रंथपाल नेमू आणि तुम्ही मदतनीस.

कार्मीनला माझी आठवण झाली. मी कुठे आहे ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. मालवणने कुडाळकडे बोट दाखवले, कुडाळने दोडामार्गकडे. एसटीने तीन दिवस फिरत ती शेवटी सत्यवान गवसांच्या वाचनालयात पोचली. गवस संघाचे अखेरचे कार्यवाह.

“वही?” गवस डोके खाजवत म्हणाले. “आसतली खंय तरी. आंबेखोल, तू आधी पानी पी.”

“पानी मगे. आधी वही बघ. दुसऱ्यांची पुस्तकां एका मिनटात काढून दितंस, आणि आपली वही मिळणा नाय?”

मी जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांखाली होते. कार्मीनने मला बाहेर ओढले, पदराने पुसले आणि उघडले. तिचे बोट ओळीवरून फिरले आणि थांबले.

“ह्या बघ! सत्त्याण्णव. आंबेखोल. ह्या अठ्ठ्याण्णव. आंबेखोल!”

“मगे काय तर,” गवस ओळी मोजत म्हणाले. “तू एक सभा चुकवलंस नाय. सव्वीस वेळा आसा.”

दोघांच्याही लक्षात आले नाही. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, नीट बघा, हे गावाचे नाव आहे, माणसाचे नाही! पण वहीला आवाज नसतो. माझ्यात जे लिहिले तेवढेच मला बोलता येते.

समितीच्या बैठकीत अध्यक्ष सर्वेश यांनी मला शांतपणे चाळले. वय पस्तीस, माणूस वाईट नव्हता.

“मॅडम, यात आंबेखोल आहे. तुमचं नाव कुठे आहे?”

“आंबेखोल म्हणजे मीच.”

“हे मला कळतं. पण सरकारी तपासणीला येणाऱ्याला कसं कळणार?”

कार्मीनने पाने उलटली. २००३ सालचा ठराव क्रमांक चौदा तिने पुढे केला. प्रत्येक ग्रंथपालास लेखी नेमणूकपत्र मिळावे, असा तो ठराव. एकमताने मंजूर. “ह्यो ठराव मी मांडलेलंय. हजर होते त्या सगळ्यांका इचार.”

सर्वेशनी ओळ मोठ्याने वाचली. “सूचक: आंबेखोल.”

कार्मीनने मला मिटून बाजूला ठेवले.

“सर्वेशा,” कार्मीन म्हणाली, “तू चवथीत होतंस तेव्हा रोज सांजचो माझ्याकडे पुस्तक बदलूक येय होतंस. एकदा पुस्तक खाडयेत पाडलंस आणि रडत इलंस. तुका म्हायत आसा मां, मी कोण होतंय तां?”

“माका म्हायत आसा,” सर्वेश म्हणाले. मग पुन्हा कचेरीच्या भाषेत आले. “पण माझ्या माहितीला शिक्का नाही, मॅडम.”

पुढच्या महिन्यात नवीन ग्रंथपाल आला. कार्मीन त्याला कपाटांची मांडणी समजावून सांगते आणि मदतनीस म्हणून सही करते. तिने मला गवसांकडे परत पोचवले, कारण मी संघाची होते. गवस हळहळले. “केळुसकरांनी एक नाव लिवला आसता तर,” असे दोनदा म्हणाले. मग त्यांनी मला पुन्हा दिवाळी अंकांपाशीच ठेवले. या वेळी गठ्ठ्याच्या वर, एवढाच फरक. क्रमांक अजून दिलेला नाही.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात, मंडळात, खेळाच्या संघात कुणीतरी नोंद ठेवत असेल. तिथे ‘सगळे हजर’ असे लिहू नका. ‘नेहमीची मंडळी’ असे लिहू नका. आपल्याला तर माहीत आहे, हे कारण देऊ नका. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठीच वही असते. आणि लिहून झाल्यावर ती वही कुठे ठेवली आहे, तेही लिहून ठेवा.

जी बाई सव्वीस सभांना आली, जिने ठराव मांडला, जिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली, तिचे पूर्ण नाव कार्मीन प्लासिद डिसोजा. माझ्या एकशेचाळीस लिहिलेल्या पानांत ते एकदाही नाही.