दुसरा ब्रेक

"बाई, आत्ता ब्रेक कुणी मारला? तुम्ही की मी?" आजोबांनी स्टिअरिंग घट्ट धरून विचारलं.

"मी."

"कशाला? समोर चिटपाखरू नाही."

समोर चौक होता. बाईंना तेवढं कारण पुरे होतं. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. वर्षापूर्वी याच चौकात ट्रकने त्यांच्या नवऱ्याची मोटारसायकल उडवली, तो गेला, आणि तेव्हापासून बाईंचा पाय त्या ब्रेकवरून हलत नव्हता. शिकणारे वैतागून दुसरीकडे जात. आजोबा चिवट, पण तेही दोनदा परीक्षेत आपटले होते. स्वतः ब्रेक मारायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. उद्या तिसरी परीक्षा. गॅरेजवाला तर तोंडावर म्हणाला होता, "बाई, गाडी चालवायला शिकवता की थांबवायला?"

शेवटी नणंदेने हाताला धरून समुपदेशकाकडे नेलं होतं. "मला काय वेड लागलंय?" म्हणून बाई आधी फणकारल्या. मग आठवडेच्या आठवडे तिथे क्लच आणि गिअरवरच बोलत राहिल्या. ती बिचारी समुपदेशक निमूट ऐकायची. काल मात्र तिने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बरोबर असता, तर काय केलं असतं?"

"ब्रेक मारला असता!"

"मागच्या सीटवरून?"

बाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. वर्षभराचं साठलेलं होतं, लवकर आवरेना. तिने गप्प केलं नाही, नुसतं पाणी पुढे केलं. निघताना म्हणाली, "पाय जरा सुटा ठेवून बघा. भीती वाटेल. वाटू दे."

"आजोबा, परत एक फेरी," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"हे काय, घरच्यासारखं बसलात?"

"घरच्यासारखंच. आता ब्रेक तुमचा एकट्याचा."

चौक आला, आणि डावीकडून एक व्हॅन मुसंडी मारत घुसली. बाईंचा पाय मांडीतून सुटायला धडपडला. त्यांनी दोन्ही हातांनी घोटा आवळून धरला.

गाडी थांबली. वेळेवर, अगदी अलगद.

"मी मारला!" आजोबा ओरडले. "बाई, मी मारला!"

"तुम्हीच मारलात!" बाई हसत होत्या, डोळे वाहत होते. "आता इथेच मुक्काम करताय का? चला!"

गाडी चौक ओलांडून गेली. बाईंच्या चपला ब्रेकशेजारी तशाच पडून होत्या.