चौथा बिल्ला

किल्ल्याच्या दगडी वाटेवर पाऊल टाकायच्या आधीच तिने चौघांचे पितळी बिल्ले आपल्या पर्समध्ये टाकले.

"बाबांचा तरी बाबांकडे राहू दे," नवरा म्हणाला.

"हो, आणि हरवला म्हणजे? मागच्या खेपेला चष्मा कुणी हरवला?"

"सूनबाई म्हणजे पोलीस खातं," सासरे हसले. "मी आपला कच्चा कैदी."

फाटकवाल्याने बजावून सांगितलं होतं, "भरतीला ही वाट बुडते. आतली घंटा झाली की निघायचं. परत आलात की आपापला बिल्ला आपापल्या हाताने या फळीवर लावायचा. एक खिळा जरी रिकामा दिसला तरी मी आत जाऊन माणूस हुडकून आणतो. फळी भरली की फाटक बंद."

वाटेवर खारे तुषार अंगावर येत होते. तिने सासऱ्यांच्या कानातलं यंत्र काढून घेतलं, डबीत घातलं, डबी पर्समध्ये. यंत्राला पाणी लागलं की ते गेलंच. आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे खुणा.

सासऱ्यांनी जन्मभर गवंडीकाम केलं होतं. आत शिरल्यापासून प्रत्येक कमानीखाली थांबून ते दगडावर बोटांची पेरं वाजवत होते. "चुना नाही, काही नाही! नुसता दगडाला दगड टेकलाय. आणि आपण बांधलेलं पहिल्याच पावसात गळतं."

तिचं त्याकडे लक्ष कुठलं? चार वर्षांची छकुली पुढे पळत होती. आईला दिसत होत्या त्या फक्त कठड्यातल्या फटी, शेवाळलेल्या पायऱ्या, तुटके कोपरे. डोळ्यांत तेल घालून जपूनही व्हायचं ते झालंच. छकुली घसरली, गुडघा फुटला. रक्त बघून आईचा जीव अर्धा झाला. नवऱ्याने पोरीला उचललं, आणि तेवढ्यात घंटा झाली.

तिने सासऱ्यांना हातानेच खुणावलं, चला.

"तुम्ही व्हा पुढे," ते मान वर करूनच म्हणाले. "एवढी एक कमान बघतो नि आलोच."

वाट ओलांडून किनाऱ्यावर आले, तर फाटकाशी ही गर्दी. पोर रडून रडून लाल झालेली. आलेच असतील मागून, ती मनाशी म्हणाली. पुन्हा कशाला रांगेत उभं राहायचं? तिने पर्स उघडली आणि चारही बिल्ले लावून टाकले.

चहाच्या टपरीवर गुडघा धुतला, पट्टी बांधली, बिस्किटाची लाच देऊन रडं थांबवलं. त्यात किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"बाबा कुठायत गं?" नवऱ्याने विचारलं.

"असतील बाहेर बाकावर. तुम्ही पाहिलं नाहीत?"

"मला वाटलं तू पाहिलंस."

छकुली बाकड्यावर उभी राहून समुद्राकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, "आजोबा पाण्यात खेळतायत."

वाट दिसेनाशी झाली होती. नुसतं पाणी, आणि किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, गुडघाभर लाटांत, सासरे. चपला हातात, काळजी घेऊन एकेक पाऊल टाकत.

"फळी भरली होती हो!" फाटकवाला ओरडला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिली!" आणि तो होडीवाल्याकडे धावत सुटला.

"बाबा, मागे फिरा!" नवऱ्याचा आवाज फाटला. "किल्ला जवळ आहे, मागे जा!"

तिने दोन्ही हात उंच केले आणि जोरजोराने हलवले. मागे, मागे, मागे.

सासऱ्यांनी मान वर केली. सून दिसली. त्यांनी चपलांसकट हात उंचावून तिला हलवून दाखवला, आलोच, आणि भराभर पुढे निघाले.

तिने हात खाली घेतले. उशीर झाला होता. तिसऱ्या लाटेनंतर तिथे कुणी उभं नव्हतं.

होडी अंधार पडेपर्यंत फिरत राहिली. नवरा पाण्याच्या कडेला उभा होता, एकदाही मागे वळला नाही. छकुली तिच्या खांद्यावर झोपली होती. रुमाल काढायला तिने पर्समध्ये हात घातला, तर हाताला डबी लागली.

फाटकवाला फळीपाशी गेला. त्याने एक बिल्ला काढला आणि तिच्यासमोर धरला. माणूस मिळेपर्यंत खिळा रिकामा ठेवायचा, अशीच तिथली रीत होती.

तिने तो घेतला. पर्समध्ये मात्र टाकला नाही.