मुरुडच्या साहेबाचं काम

सन १९५४. संध्याकाळचे साडेपाच. मुरुडच्या कोळीवाड्यात, देवळापुढच्या मांडवात नाटकाची तालीम. मी तिथं हजर असलेलं अकॉर्डियन बोलतंय. कोळी मला गळ्यातली पेटी म्हणतात. माझी तक्रार आहे, आणि ती मी चढ्या सुरातच करणार.

माझा धनी यान, पोलंडचा. वॉर्साच्या रंगभूमीवर त्यानं राजे केले, चोर केले. दोन बोलपटांत मला गळ्यात अडकवून गायला. युद्धात नाटकघर जळलं. फिरत फिरत आम्ही कोल्हापूरच्या निर्वासित छावणीत आलो. छावणी मोडली तेव्हा एका सिनेमा कंपनीनं गोरा खलनायक हवा म्हणून त्याला मुरुडला आणलं. कंपनी बुडाली, यान राहिला. तुळशीबाई कोळणीनं त्याला पडवी दिली आणि भाषाही. बाजारात माझ्या सुरांवर तिची सुकट खपू लागली.

पण नटाला बोलायला हवं असतं. सहा वर्षांनी संधी आली. मिठाच्या सत्याग्रहाचं नाटक, आणि त्यात गोऱ्या साहेबाचं काम यानला! यान जेवतानासुद्धा नक्कल घोकत होता.

तालमीत त्यानं तोंड उघडलं आणि नाटक बसवणाऱ्या अंबाजी मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"अरे, साहेब असा बोलतो व्हय? तू तर तुळशीवानी बोलतोस! आन् रापलायस किती!"

"मंग कोन करनार?"

"काळूराम. त्याला सफेदा फासू. तू मागं बसून पेटी वाजव."

यानचा चेहरा उतरला. "पेटी न्हाय. मना बोलायचंय. साहेबाचा मार खानारा कोळी कोन करतो?"

ते काम कोणीच घेतलं नव्हतं. फुकटचा मार कोण खाणार?

अलिबागच्या नाट्यस्पर्धेत मी विंगेत मुकाट बसून पाहिलं. पांढऱ्याफटक काळूरामनं छडी उगारली. मिठाची मूठ छातीशी धरून यान म्हणाला, "दर्या आमचा, मीठ बी आमचंच हाय!" पुढच्या रांगेतून तुळशीबाई कडाडली, "काळूराम, मुडद्या, माझ्या यानला हात तर लावून बघ!" लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

परीक्षकांनी अभिनयाचं पहिलं बक्षीस जाहीर केलं : साहेबाच्या भूमिकेसाठी, पोलंडचे नट श्री. यान.

यान ताडकन उठला. "मी साहेब न्हाय, मी कोळी व्हतो!"

परीक्षक कौतुकानं हसले. "वा साहेब, मराठी छान बोलता हो!"

आज १९६३. यान गेल्या वर्षी वारला. माझा भाता फाटलाय, मी तुळशीबाईच्या माळ्यावर आहे. बक्षिसाची ढाल काळूरामच्या घरी, तिच्यावर नाव यानचं. अलिबागला गेलात तर माझ्या वतीनं एवढं विचारा : साहेब यान होता, तर मार खाणारा कोळी कोण होता? आम्ही विचारून थकलो. परीक्षकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.